पडदा उघडा, दार बंद

गेल्या हिवाळ्यात पुण्याला लेकीकडे मुक्कामाला होतो. हाती वेळ भरपूर, डोळ्यांना वाचनाचा ताण सोसवत नाही, म्हणून जुने इंग्रजी चित्रपट पाहण्याचा क्रम ठेवला होता. महाविद्यालयीन वयात जडलेला हा छंद पुढे शासकीय नोकरीतल्या बदल्यांमुळे मागे पडला होता. या ओघात किंग व्हिडॉर यांनी दिग्दर्शित केलेला १९३७ सालचा ‘स्टेला डॅलस’ हा चित्रपट पाहण्यात आला. आईच्या त्यागावरचा हॉलिवूडचा अभिजात चित्रपट अशी त्याची ख्याती आहे, आणि तो पाहून डोळे ओले झाल्याशिवाय राहत नाहीत असेही त्याच्याविषयी बोलले जाते. माझेही झाले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या अश्रूंविषयीच मनात शंका उभी राहिली. आपण नेमके कोणासाठी रडलो? आणि रडून मोकळे झालो ते कशातून? या शंकेपायी चित्रपट पुन्हा दोनदा पाहिला. त्यातून जे हाती लागले ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

मूळ कथा ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी या अमेरिकन लेखिकेची. तिची याच नावाची कादंबरी १९२३ साली प्रसिद्ध झाली. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी १९२५ साली हेन्री किंग यांच्या दिग्दर्शनाखाली तिच्यावर मूकपट काढला. त्यात स्टेलाची भूमिका बेल बेनेट यांनी केली होती. बारा वर्षांनी त्याच गोल्डविन यांनी त्याच कथेवर बोलपट काढला, तोच प्रस्तुत चित्रपट. १९३७ मध्येच अमेरिकन रेडिओवर या कथेचा धागा पुढे नेणारी मालिका सुरू झाली आणि ती १९५५ पर्यंत चालली. १९९० मध्ये बेट मिडलर या अभिनेत्रीला घेऊन ‘स्टेला’ या नावाने पुन्हा एक चित्रपट निघाला. एकच कथा एखाद्या समाजाला इतक्या वेळा ऐकावीशी वाटते तेव्हा ती त्या समाजाच्या कुठल्यातरी दुखऱ्या जागेवर बोट ठेवत असली पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गिरणीच्या गावात स्टेला मार्टिन ही कामगाराची मुलगी राहते. घरात दारिद्र्य, बाप तापट, आई कामाने पिचलेली. गिरणीत वरच्या जागेवर आलेला स्टीफन डॅलस हा एकेकाळच्या श्रीमंत घरातला तरुण. बापाने दिवाळे निघाल्यावर आत्महत्या केल्यामुळे तो पूर्वीच्या जगातून दूर निघून आलेला आहे. हेलन ही त्याची वाग्दत्त वधूही मागे राहिली आहे. भावाचा जेवणाचा डबा पोहोचवण्याच्या निमित्ताने स्टेला त्याच्या कचेरीत शिरते आणि काही दिवसांतच दोघांचे लग्न होते. लॉरेल ही मुलगी जन्मते. पण स्टेलाचे मोठ्याने हसणे, भडक कपडे, एड मन नावाच्या गुलछबू माणसाची संगत हे स्टीफनला रुचत नाही. नोकरीनिमित्त तो न्यूयॉर्कला जातो, स्टेला लेकीला घेऊन मागे राहते. पुढे विधवा झालेली हेलन त्याला पुन्हा भेटते. लॉरेल वडिलांकडे आणि हेलनच्या सुसंस्कृत घरी जाऊ-येऊ लागते. आपण मुलीच्या वाटेत अडसर आहोत हे एके दिवशी स्टेलाच्या ध्यानी येते. ती घटस्फोटाला संमती देते, आणि लेक परत आपल्याकडे येते असे पाहून, आपल्याला आता एड मनशी लग्न करायचे आहे, मुलीचे ओझे नको, असे खोटे नाटक करून तिला कायमची दूर लोटते. शेवटी लॉरेलचे एका प्रतिष्ठित घरातल्या तरुणाशी लग्न लागत असते, आणि बाहेर रस्त्यावर, पावसात, कुंपणापाशी उभी राहून तिची आई ते खिडकीतून पाहत असते.

एवढे वाचून वाचकांना वाटेल की ही तर आपल्या ओळखीची कथा. आपल्याकडच्या कित्येक चित्रपटांत आईने असा पदर डोळ्यांना लावलेला आहे. पण या चित्रपटाचे वेगळेपण असे की त्यात खलनायक नाही. नीट शोधून पाहिले तरी सापडत नाही. स्टीफन निष्ठुर नाही, खर्चाला पैसे पाठवतो, मुलीवर त्याची माया आहे. हेलन तर सौजन्याची मूर्ती आहे. लॉरेल आईवर जीव टाकते आणि एकदाही आईला टाकून बोलत नाही. एड मन दारुडा आहे, थिल्लर आहे, पण मनाने दुष्ट नाही. स्टेलाला ‘तू निघून जा’ असे संपूर्ण चित्रपटात एकही माणूस म्हणत नाही. तरीही शेवटी ती बाहेर आहे आणि बाकी सगळे आत आहेत. हे कसे घडले, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. ‘त्याग’ हा शब्द उच्चारला की हा प्रश्न विचारायचे राहून जाते, कारण त्याग म्हणजे जाणाऱ्याने आपखुशीने जाणे. आपखुशीने गेलेल्या माणसाबद्दल मागे राहिलेल्यांना जाब द्यावा लागत नाही.

प्रारंभीचाच एक प्रसंग पाहावा. स्टेला आणि स्टीफन चित्रपटगृहात एक मूकपट पाहतात. पडद्यावरच्या उंची कपड्यांतल्या प्रेमिकांकडे ती भारावून पाहत असते. बाहेर पडल्यावर ती त्याला सांगते की मलाही त्या लोकांसारखे व्हायचे आहे, नीट बोलायचे-चालायचे आहे. तो तिला समजावतो की तू आहेस तशीच राहा. बोलणे प्रेमाचे आहे, त्या क्षणी खरेही आहे. पण लग्नानंतर तोच तिला कपड्यांवरून, बोलण्यावरून, कोणाशी हसावे यावरून पदोपदी सुधारू लागतो. ‘आहेस तशीच राहा’ हे वाक्य पाहुणा म्हणून आलेला माणूस सहज बोलून जातो. एका घरात राहायची वेळ आली की त्याला ते पेलत नाही. स्टेला त्याच्या पायरीवर चढू पाहत होती तेव्हा त्याने तिला थांबवले, आणि ती थांबली तेव्हा थांबल्याचा दोष तिलाच दिला.

लॉरेलच्या वाढदिवसाचा प्रसंग चित्रपटाच्या मध्यावर येतो. स्टेला आणि एड मन आगगाडीच्या डब्यात खाजेची पूड टाकून उतारूंची गंमत करतात आणि पोट धरून हसतात. त्याच डब्यात लॉरेलची शिक्षिका असते. बातमी गावभर होते. वाढदिवसाला टेबल सजवलेले आहे, प्रत्येक पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी जागेवर लावलेली आहे, आणि येता येत नसल्याचे निरोप एकामागून एक येऊ लागतात. आई वरवर काहीच झाले नाही असे दाखवते, मुलगीही आईला कळू नये म्हणून तसेच दाखवते. अखेर त्या सजवलेल्या टेबलाशी मायलेकी दोघीच बसतात. व्हिडॉर इथे कोणालाही रडू देत नाहीत. या प्रसंगातच पुढच्या सगळ्या शोकांतिकेचे बीज आहे. एकमेकींना दुःख होऊ नये म्हणून दोघी एकमेकींपासून तेच दुःख लपवतात. असा समंजसपणा लहान मुलीने शिकावा हेच भयंकर आहे.

हेच बीज पुढे दोन प्रसंगांत फळाला येते, आणि माझ्या मते चित्रपटाचा प्राण त्या दोन प्रसंगांतच आहे. पहिला प्रसंग मोठ्या हॉटेलातला. स्टेला लेकीला हौसेने तिथे घेऊन आली आहे. पहिले काही दिवस ती आजारी असल्याने खोलीतच पडून असते, आणि तेवढ्यात लॉरेलची तिथल्या श्रीमंत मुलामुलींशी मैत्री जमते. मग एके दिवशी स्टेला सजूनधजून बाहेर पडते. झालरी, बांगड्या, लोकरी कातड्याचा गळपट्टा, चेहऱ्यावर रंग. सारे हॉटेल तिच्याकडे पाहून हसते. लॉरेल मित्रमैत्रिणींबरोबर सरबताच्या दुकानात काउंटरशी बसलेली असते. मुले त्या विचित्र बाईची टिंगल करतात, आणि लॉरेलला समोरच्या आरशात आपली आई दुकानात शिरताना दिसते. ती काही न बोलता उठून पळत सुटते. कॅमेऱ्याने आरसा निवडला हे महत्त्वाचे आहे. लॉरेल वळून आईकडे पाहत नाही. इतरांच्या नजरांमधून परावर्तित होऊन आलेली आई तिला दिसते, आणि आयुष्यात प्रथमच ती आईला परक्यांच्या डोळ्यांनी पाहते. ज्या कोणी शिकूनसवरून आईवडिलांच्या पुढची पायरी गाठली आहे, त्याच्या आयुष्यात असा एक आरसा येऊन गेलेला असतो.

दुसरा प्रसंग लगेच त्या रात्रीचा. लॉरेलच्या आग्रहावरून दोघी हॉटेल सोडून परतीच्या गाडीत बसल्या आहेत. शयनयानात वरच्या आणि खालच्या बर्थवर दोघी झोपल्या आहेत. त्याच डब्यात हॉटेलातल्या मुली आहेत, आणि त्या स्टेलाची चेष्टा करत आहेत, असली आई असताना लॉरेलचे पुढे कसे व्हायचे असे बोलत आहेत. वर लॉरेल ऐकते, खाली स्टेला ऐकते. आई झोपली असावी या आशेने लॉरेल खाली वाकून पाहते. स्टेला डोळे मिटून झोपेचे सोंग घेते. मग लॉरेल खाली उतरते आणि आईच्या कुशीत शिरते. एकही खुलासा नाही, एकही शब्द नाही. बार्बरा स्टॅनविक यांचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा तेवढा आपल्याला दिसत राहतो. मायलेकींचे प्रेम इतक्या थोड्या साधनांनी दाखवणारा दुसरा प्रसंग मी पाहिलेल्या चित्रपटांत मला आठवत नाही. पण याच प्रसंगात दोघींचा घातही झाला. त्या रात्री दोघींपैकी एकीने जरी म्हटले असते की मी ऐकले, आणि मला त्याची पर्वा नाही, तर पुढचा सारा त्याग घडला नसता. प्रेम होते, पण ते मुके होते, आणि त्या मुकेपणाचा अर्थ आईने आपल्या परीने लावला.

या चित्रपटावर पाश्चात्त्य अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. १९८० नंतरच्या स्त्रीवादी समीक्षेत तो वादाचा विषयच झाला. १९८३-८४ च्या सुमारास अ‍ॅन कॅप्लन आणि लिंडा विल्यम्स या दोन विदुषींमध्ये त्यावरून मतभेद झाले. हा चित्रपट प्रेक्षक स्त्रीला निमूट त्यागाचा धडा देतो की त्या धड्याची किंमतही दाखवतो, असा त्या वादाचा गाभा होता. १९९६ साली तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी आणखी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते स्टेलाला आपल्या भडक कपड्यांचा परिणाम काय होतो हे पक्के ठाऊक आहे. यासाठी त्यांनी दाखवलेला पुरावा बिनतोड आहे. लॉरेलचे साधे, सुंदर कपडे स्टेला स्वतः शिवते. एका नाताळला स्टीफन घरी येतो तेव्हा ती आपल्या काळ्या पोशाखावरची झालर घाईने काढून टाकते आणि साध्या वेषात त्याच्यापुढे येते. तोही क्षणभर विरघळतो, आणि नेमका तेव्हाच नशेतला एड मन दारात उभा राहतो. अर्थात अभिरुची म्हणजे काय हे स्टेलाला कळते.

कॅव्हेल यांचा पुरावा मला मान्य आहे, परंतु त्यावरून हॉटेलातला तो अवतार तिने मुद्दाम केला असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. तसे असते तर गाडीतल्या त्या चेहऱ्यावर आघात दिसला नसता. मला त्यातून निराळेच दिसते. लेकीला दुसऱ्यांच्या आवडीप्रमाणे कसे सजवायचे हे तिला ठाऊक होते, पण स्वतःला सजवताना तिला स्वतःची आवड सोडायची नव्हती. झालरी आणि बांगड्या हे तिचे अज्ञान नाही. गिरणीच्या त्या काळवंडलेल्या गावात वाढलेल्या मुलीने सुखाचे जे चित्र मनात रंगवले होते, ते तिने अंगावर घातले आहे. हॉटेलातली माणसे त्या चित्राला हसली.

पुढचा प्रसंग स्टेला आणि हेलन यांच्या भेटीचा. स्टेला आपण होऊन हेलनच्या घरी जाते आणि विचारते की घटस्फोट झाला तर लॉरेल तुमच्याकडे राहू शकेल का? तुम्हीच मिसेस डॅलस झालात म्हणजे लोक तिला तुमचीच मुलगी समजतील, असेही ती सुचवते. आपले नाव, आपले आईपण ती एखादी वस्तू हवाली करावी तसे समोर ठेवते. हेलनला तिचा हेतू कळतो, तिचे डोळे भरून येतात. पुढे स्टेलाने एड मनशी लग्नाची बतावणी केल्यावर स्टीफनला जे उमगत नाही, ते हेलनच ओळखते. स्टेला खोटे बोलते आहे आणि का बोलते आहे, हे त्या घरात तिला एकटीला कळलेले आहे.

आणि इथेच मला चित्रपटाचा सर्वांत बोचरा तपशील सापडला. लग्नाच्या रात्री हेलन नोकराला खिडकीवरचे पडदे वर करायला सांगते. बाहेर कुठेतरी लॉरेलची आई उभी असेल, तिला लेकीचे लग्न दिसावे, हा तिचा उद्देश. पहिल्यांदा पाहताना मला हे औदार्य वाटले आणि मी रडलो. दुसऱ्यांदा पाहताना विचार आला की हेलनने पडदा उघडला, दार का उघडले नाही? पावसात भिजणाऱ्या बाईला आत बोलवायला एका नोकराला छत्री देऊन पाठवणे पुरेसे होते. लॉरेलला त्या वेळी आईची आठवण येत आहे, हे हेलनला ठाऊक आहे. तरी सर्वांत समजूतदार, सर्वांत हळव्या व्यक्तीलाही पडद्यापलीकडे जाता आले नाही. कारण दार उघडले असते तर त्या दिवाणखान्यात झालरी आणि बांगड्या आल्या असत्या. चित्रपट हे बोलत नाही. पण हेलनवर ठपका न ठेवताही तो ते दाखवून जातो.

खिडकीबाहेर स्टेला उभी आहे. पोलीस शिपाई गर्दी हटवतो, तेव्हा ती एक मिनिट थांबू द्या अशी विनवणी करते. नवऱ्या मुलाने तिचे चुंबन घेतल्यावर लेकीचा चेहरा कसा दिसतो तेवढे तिला पाहायचे असते. मग दातांत हातरुमाल घट्ट धरून, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू अशी ती आपल्याकडे चालत येते. अनेक समीक्षकांनी हे ध्यानात आणून दिले आहे की ती खिडकी म्हणजे एक पडदाच आहे, सुरुवातीच्या मूकपटाच्या पडद्यासारखा. जे जग तिने तेव्हा चित्रपटगृहात बसून पाहिले, ते आता तिच्या लेकीचे झाले आहे, आणि ती स्वतः मात्र प्रेक्षकच राहिली आहे. तिचे शेवटचे हसू अनेकांनी विजयाचे मानले आहे. तो विजय असेल, तर इतका महाग विजय कोणालाही मिळू नये.

आपल्याकडे आईच्या त्यागाचा विषय निघाला की ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहत नाही. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली आई साकारणाऱ्या वनमालाबाईंचे आपल्या ग्वाल्हेरशी असलेले नाते आपल्याला नेहमीच अभिमानाचे वाटत आले आहे. साने गुरुजींच्या कथेतली आईसुद्धा दारिद्र्य सोसते, अपमान सोसते, झिजून मरते. पण त्या आईच्या सोसण्यातून तिला अधिकार मिळतो. श्यामला चांगले काय आणि वाईट काय हे तिच्यापासून शिकायचे असते, आणि ती गेल्यावरही तिचा शब्द घरात उरतो. स्टेलाच्या बाबतीत याच्या उलट घडते. तिच्या लेकीला जे काही शिकायचे आहे ते आईखेरीज इतर सगळ्यांकडून. तिच्या त्यागाने तिला अधिकार मिळत नाही, ती जिवंतपणी लेकीच्या आयुष्यातून पुसली जाते. एक आई मरून घरात राहते, दुसरी जिवंत असून घराबाहेर. दोघींनाही आपण एकाच शब्दाने गौरवतो, ही भाषेची गैरसोय आहे की आपली सोय, याचा विचार व्हावा.

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. स्टेलाला हास्यास्पद करताना व्हिडॉर यांनी हात जरा सैल सोडला आहे. हॉटेलातल्या त्या प्रसंगात प्रेक्षक आधी इतरांबरोबर हसतो आणि मग त्याला लाज वाटते. हे कदाचित हेतुपुरस्सर असेल, तरी वेशभूषेची अतिशयोक्ती खटकते. स्टीफनच्या वाट्याला आलेली जॉन बोल्स यांची भूमिका सपाट आहे. पत्नीपासून दूर राहण्याचा त्याचा निर्णय फार सहजी घेतला जातो, आणि त्याच्याकडून कसलाच हिशेब मागितला जात नाही. एड मनचे अवेळी दारात येणे हा तर कथानकाला सोयीस्कर योगायोगच.

या उणिवा झाकल्या जातात त्या बार्बरा स्टॅनविक यांच्या अभिनयामुळे. त्या १९०७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मल्या. चार वर्षांच्या असताना आई अपघातात गेली, वडील घर सोडून गेले, बालपण निरनिराळ्या घरांत काढावे लागले. कोवळ्या वयातच त्या नृत्यपथकात काम करू लागल्या. ज्या मुलीला आई आठवण्याइतकीही लाभली नाही तिने पडद्यावरची ही आई उभी केली. त्यांनी स्टेलाबद्दल सहानुभूती मागितलेली नाही. तिचा हट्टीपणा, तिचा पोरकटपणा, मजा करण्याची तिची हौस सारे जसेच्या तसे ठेवले आहे, त्यामुळे ती देवी होत नाही, बाई राहते. लॉरेलला दूर लोटतानाचे तिचे नाटक पाहावे. हातात सिगारेट, ग्रामोफोनवर उडते संगीत, आणि लेकीकडे लक्षच नसल्याचा आव. अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय करणे ही कठीण कामगिरी त्यांनी लीलया केली आहे. स्टॅनविक यांना या भूमिकेसाठी आणि लॉरेल झालेल्या अ‍ॅन शर्ली यांना साहाय्यक अभिनेत्री म्हणून ऑस्करचे नामांकन मिळाले होते. पारितोषिक दोघींनाही मिळाले नाही. स्टॅनविक यांना पुढे आणखी तीन नामांकने मिळाली, पण अकादमीने त्यांचा गौरव केला तो थेट १९८२ साली, सन्मानदर्शक पारितोषिक देऊन.

आता माझ्या त्या रात्रीच्या शंकेकडे येतो. लेखात स्वतःविषयी लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही, पण इथे टाळले तर लेख अपुरा राहील. वडील गेल्यानंतर माझी आई बरीच वर्षे माझ्याबरोबर बदलीच्या गावी राहिली. नऊवारी लुगडे, कपाळाला ठसठशीत गोंदण, आणि सारा जन्म ग्वाल्हेरीत काढूनही हिंदी बोलताना लिंगाचा हमखास घोळ. एकदा एक वरिष्ठ अधिकारी सपत्नीक घरी आले होते. आई स्वतः चहा घेऊन बाहेर आली आणि आग्रहाने म्हणाली, ‘लीजिए ना, चाय ठंडा हो जाएगा.’ पाहुण्या बाईंनी ते वाक्य तसेच उच्चारले आणि त्या हसल्या. साहेब हसले. मीही हसलो. आई पण हसली आणि ट्रे ठेवून आत गेली. त्यानंतर कोणी मोठे पाहुणे आले की ती बाहेर येईनाशी झाली. तिला आत जा असे मी कधीच म्हटले नाही. बाहेर ये असेही म्हटले नाही. कोणी विचारले तर आम्ही सांगत असू की तिला चारचौघांत बसायला आवडत नाही. हळूहळू हे आम्हालाही खरे वाटू लागले.

ती गेली तेव्हा मी आपल्याच या अंकात तिच्यावर चार परिच्छेद लिहिले होते. त्यात तिला त्यागमूर्ती म्हटले होते. कित्येक वाचकांनी पत्रे पाठवून माझ्या मातृभक्तीची प्रशंसा केली होती. पुण्यात त्या रात्री माझ्या ध्यानात आले की तो शब्द मी तिच्यासाठी लिहिलाच नव्हता, स्वतःसाठी लिहिला होता. तो लिहिल्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराआड ती कोणामुळे बसत होती, हे लिहावे लागले नाही.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या घरांत ही गोष्ट वारंवार घडत आली आहे. दर पिढीला आधीच्या पिढीच्या बोलण्याची थोडी लाज वाटते. आईची हिंदी मुलाला खटकते, पुढे मुलाची इंग्रजी नातवाला खटकते. माझी नातवंडे आता माझे बोलणे ऐकून एकमेकांकडे पाहतात, ते माझ्या नजरेतून सुटत नाही. सूनबाई समंजस आहे, ती मुलांना डोळ्यांनीच दटावते. हेलनसारखी. घरात कोणी वाईट नाही.

म्हणून ‘स्टेला डॅलस’ हा आईच्या थोरवीचा चित्रपट म्हणून न पाहता, दिवाणखान्यात बसलेल्या चांगल्या माणसांचा चित्रपट म्हणून पाहावा असे मला सुचवावेसे वाटते. सहज मिळण्यासारखा आहे, सुमारे पावणेदोन तासांचा आहे. घरातल्या तरुण मंडळींना शेजारी बसवून पाहावा. शेवटच्या प्रसंगात डोळ्यांना पाणी येईलच, त्याला इलाज नाही. पण ते पुसून झाल्यावर आपल्या घरात कोणी बाहेर यायचे थांबले आहे का, हे एकदा आठवून पाहावे, आणि असेल तर उठून त्यांना बोलावून आणावे. मला ते आता करता येत नाही. ज्यांना येते त्यांच्यासाठी हा लेख लिहिला.